जैत रे जैत : डोंगराकडच्या कोकणाची गाणी

मराठी गाण्यातलं कोकण बहुतेक वेळा समुद्राकाठीच थांबतं. होडी, नाखवा, माडाची बाग, नारळी पुनवेचा दर्या. हे कोकण आपल्या कानांत इतकं मुरलं आहे, की कर्जत आणि खालापूर हे तालुकेही कोकणातच मोडतात हे तिथे राहणाऱ्यालाही कुणी विचारल्याशिवाय आठवत नाही. इथे खाडी नाही, वाळू नाही, मासळी येते ती बर्फाच्या पेटीतून. पाऊस मात्र अस्सल कोकणचा, जमीन भाताची, आणि पूर्वेला सह्याद्रीची आडवी भिंत : ढाकचा कडा, राजमाची, नागफणी. पश्चिमेला माथेरान, सोंडाई, इर्शाळ, प्रबळ. या डोंगरांच्या पायथ्याशी आणि पोटात ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं आणि इथे तयार झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. वरच्या वाड्यांत दिवा लागायला त्यानंतर कितीतरी पिढ्या जाव्या लागल्या.

या कोकणाला मराठी संगीतात स्वतःची जागा मिळाली ती १९७७ साली, ‘जैत रे जैत’ या चित्रपटाच्या गाण्यांनी. पुढची पानं त्या गाण्यांच्या श्रोत्यांची आहेत. शिक्षक, गिर्यारोहक, बेंजो पार्टीत वाजवणारे, लोकलच्या डब्यात भजन म्हणणारे, वाडीतले तरुण अशा अनेकांनी आपण ही गाणी कुठे ऐकली, कशी ऐकली आणि त्यांचं आपल्या आयुष्यात काय झालं ते लिहिलं आहे. एखाद्या तबकडीवर लोक चाळीस-पंचेचाळीस वर्षं प्रेम करत राहतात तेव्हा ते प्रेमही अभ्यासाचा विषय होतं, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे रागदारीच्या मैफलींच्या आठवणी लिहून ठेवायची पद्धत आहे, नाट्यसंगीतावर ग्रंथ आहेत. चित्रपटाच्या गाण्यांबद्दल मात्र आपण कोणी लिहिलं, कोणी गायलं, एवढं सांगून थांबतो. ऐकणारा कुणाच्याच जमेत नसतो.

ही गाणी तयार कशी झाली ते आधी सांगितलं पाहिजे, कारण ती करणारी माणसं वेगवेगळ्या दिशांनी या डोंगराशी आली.

कथा गो. नी. दांडेकरांची. गोनीदा (१९१६–१९९८) तळेगाव दाभाड्याला राहायचे आणि घाट उतरून या बाजूला यायचे, ते पायी, किल्ले पाहत, वाडीत मुक्काम करत. कर्जतकरांना त्यांचा ‘माचीवरला बुधा’ अधिक जवळचा, कारण त्याची राजमाची कोंदिवड्यातून कोंढाण्याच्या लेण्यांवरून चढता येते. ‘जैत रे जैत’ ही कादंबरी शेजारच्या कर्नाळ्याची. कर्नाळ्याचा तो अंगठ्यासारखा सुळका आणि त्याला लटकलेली आग्या मोहोळं मुंबई-गोवा रस्त्यानं जाणाऱ्या कुणीही पाहिली असतील. कथेतला नाग्या हा ठाकर भगताचा मुलगा, ढोल वाजवणारा. माशीच्या डंखानं त्याचा डोळा जातो, तो राणीमाशीनंच घेतला असं तो मानतो आणि लिंगोबाच्या कड्यावरचं मोहोळ उतरवून तिचा सूड घ्यायचा, असं तो ठरवतो. चिंधी नवऱ्याला सोडून आलेली, नाग्यावर जीव टाकणारी. शेवटी नाग्या जिंकतो आणि चिंधी जाते.

या कथेवर उषा मंगेशकरांनी चित्रपट काढला. दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेलांचं, पटकथेत सतीश आळेकर, नाग्या मोहन आगाशे, चिंधी स्मिता पाटील. भूमिका करायला निळू फुले आणि सुलभा देशपांडे यांच्यासारखी माणसं होती. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. पण या कलावंतांचा मोठा गट पुण्याच्या ‘घाशीराम कोतवाल’मधून आला होता, ही गोष्ट मला पुरस्कारापेक्षा महत्त्वाची वाटते. ‘घाशीराम’मध्ये माणसांची एक भिंत रंगमंचावर उभी असते. ती गाते, डुलते, फुटते, पुन्हा सांधते, आणि गोष्ट तीच सांगते. ‘जैत रे जैत’मध्ये ही भिंत डोंगरउतारावर येऊन मोकळी झाली. रवींद्र साठे आणि चंद्रकांत काळे यांचे आवाज इथे नायकाला उसने दिलेले आवाज नाहीत. ते वाडीचे आवाज आहेत. ते नाग्याला हसतात, त्याची बाजू घेतात, पुढे काय होणार ते आधीच जाणून असल्यासारखे गातात.

संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. त्याआधी शान्ता शेळक्यांच्या शब्दांवर त्यांनी कोळीगीतं केली होती आणि ती घरोघर पोचली होती. म्हणजे समुद्राकाठचं कोकण मराठी कानांत मुरवण्यात ज्यांचा वाटा मोठा, त्यांनीच हे दुसरं कोकणही आपल्याला ऐकवलं. कोळीगीतांत वल्ह्याच्या हेलकाव्याची लय आहे. इथे त्यांनी ती पार सोडून दिली आणि ढोल हाताशी घेतला. गाणी एकामागून एक ऐकताना जाणवतं की चाल ढोलावर बसवलेली नाही, ढोलातून निघाली आहे. वाद्यमेळ जेवढ्यास तेवढा. तोंडानं घातलेली आरोळी, हुंकार, कोरसचा श्वास यांनाही वाद्याचा मान आहे.

आणि शब्द ना. धों. महानोरांचे. ते १९४२ साली जन्मलेले, अजिंठ्याच्या डोंगराजवळच्या पळसखेडचे, कोरडवाहू शेती करणारे. ‘रानातल्या कविता’ हा त्यांचा संग्रह १९६७चा. चित्रपटासाठी लिहायची त्यांची ही पहिलीच वेळ. ज्याच्या वाट्याला आयुष्यभर पावसाची वाट पाहणं आलं, त्या माणसानं इथल्या धो धो पावसात राहणाऱ्यांची गाणी लिहिली. ‘नभ उतरू आलं’ ऐकताना ही गोष्ट मनात ठेवून पाहावी. पावसाळी आभाळ खाली येणं ही आपल्या भागात जूनपासून रोजची गोष्ट आहे, आपण छत्री उघडतो आणि चालू लागतो. महानोरांच्या गाण्यात ते आभाळ येतं ते जन्मभर त्याच्यासाठी झुरलेल्या माणसाच्या डोळ्यांनी पाहिलेलं. आपल्याच अंगणातली गोष्ट आपल्याला नव्यानं दिसते ती त्यामुळे. भाषाही त्यांनी ठाकरी बोलीची नक्कल करून आणली नाही. त्यांनी स्वतःच्या रानातली मराठी वापरली, तिला डोंगराचा हेल दिला. कर्जतच्या वाडीत बोलतात तशी ती नाही, आणि वाडीतल्या लेखकांनी या पुस्तकात ते स्पष्ट नोंदवलं आहे. मला त्यात गाण्यांचा कमीपणा दिसत नाही. खोट्या ठाकरीपेक्षा खरी महानोरी केव्हाही चांगली.

आता ऐकण्याकडे येतो. हा संपूर्ण चित्रपट गाण्यांतून सांगितलेला आहे. डझनाहून अधिक गाणी, काही तर दोन-चार ओळींत गोष्ट पुढे ढकलून थांबणारी. पण श्रोत्यांनी त्यांतली तीन-चार निवडून घेतली. आशाबाईंची दोन, लताबाईंचं ‘मी रात टाकली’, आणि समूहाचं ‘आम्ही ठाकर ठाकर’. रेडिओवर, ‘आपली आवड’मध्ये, पुढे कॅसेटच्या ‘निवडक’ संग्रहांत, नंतर वाहिन्यांवरच्या गाण्यांच्या स्पर्धांत हीच पुन्हा पुन्हा वाजली. त्यांचं सोनं कमी नाही. तरीही मी या प्रस्तावनेत आग्रहानं सांगेन, की ही तबकडी ज्यांनी सलग ऐकलेली नाही त्यांना तिची अर्धीच ओळख आहे.

‘मी रात टाकली’चंच घ्या. कर्जत-खालापुरात असं एकही शाळेचं स्नेहसंमेलन नसेल जिथे हे गाणं कधी नाचवलं गेलं नाही. नऊवारी नेसलेल्या मुली, केसांत अबोलीचे गजरे, पुढच्या रांगेत टाळ्या वाजवणारे पालक. गाणं इतकं उसळतं, की त्याच्या उसळीपलीकडे कुणी जात नाही. सलग ऐकणाऱ्याला मात्र ते कुठे येतं हे ठाऊक असतं. चिंधी एक संसार मोडून बाहेर पडली आहे. लोकांच्या बोलण्याची, मोडक्या घराची, लाजेची सगळी ओझी तिनं उतरवून ठेवली आहेत. ते गाणं नवऱ्याला सोडलेल्या बाईच्या सुटकेचं आहे. ठाकरांत पंचांपुढे काडीमोड घेऊन बाईला दुसरा संसार मांडता येत असे, आणि त्यासाठी तिला तोंड लपवत फिरावं लागत नसे. ही रीत आणि हा मोकळेपणा त्या चालीत आहे. लताबाईंचा आवाज तिथे नेहमीसारखा सोवळा राहत नाही. तो अंग झटकतो. मागून पुरुषांचा कोरस येतो तो तिला अडवायला येत नाही, तिच्या पावलाला ठेका देतो. हे सगळं लक्षात ठेवून एकदा ते गाणं ऐका आणि मग स्नेहसंमेलनातल्या त्या मुलींकडे पाहा. त्यांच्या बाईंनी गाण्याआधी दोन वाक्यांत चिंधीची गोष्ट सांगितली असती, तर त्या मुली किती वेगळ्या नाचल्या असत्या! या पुस्तकात एका शिक्षिकेनं नेमकं हेच केल्याचं लिहिलं आहे. तिचा लेख मी दोनदा वाचला.

किंवा ‘आम्ही ठाकर ठाकर’. शहरातल्या श्रोत्यांना हे गाणं सहलीच्या बसमधलं म्हणून माहीत. भीमाशंकर, पेठचा किल्ला, ढाक, कुठेही निघालेल्या गटात ते निघतंच. गाणारे बहुधा दादर-डोंबिवलीचे, आणि वाट दाखवायला पुढे चालणारा खरोखरचा ठाकर. त्याला या गाण्याबद्दल काय वाटतं हे आजवर फारसं कुणी विचारलं नव्हतं. इथे विचारलं आहे. उत्तरं एकसारखी नाहीत. एकानं लिहिलंय, शाळेत असताना आपली जमात सांगायची लाज वाटे, या गाण्यानं ती गेली. दुसऱ्यानं लिहिलंय, की गाणं आमच्या नावाचं आहे पण गाण्याच्या टाळ्या दुसऱ्यांना मिळतात. दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि पुस्तकात शेजारी शेजारी ठेवली आहेत ते बरं झालं.

गाणं कुणाचं, या प्रश्नासाठी मला थोडं लांब जावंसं वाटतं, जमैकापर्यंत.

१९७७ हेच साल तिथल्या रेगे संगीताच्या चाहत्यांनाही पाठ असतं. त्या वर्षी बॉब मार्लीचा ‘एक्झोडस’ आला. आदल्या डिसेंबरमध्ये किंग्स्टनमधल्या त्याच्या घरात घुसून त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, आणि लंडनमध्ये राहून त्यानं हा अल्बम केला. त्याच वर्षी ‘कल्चर’ या त्रिकुटाचा ‘टू सेव्हन्स क्लॅश’ आला. पण आपल्या विषयाशी अधिक जवळचं उदाहरण पाच वर्षं आधीचं आहे. पेरी हेन्झेलचा ‘द हार्डर दे कम’ हा चित्रपट १९७२चा, नायक जिमी क्लिफ. खेड्यातून किंग्स्टनला गाणं गायला आलेल्या पोराची गोष्ट. चित्रपट किती जणांनी पाहिला ते असो, त्याच्या गाण्यांची तबकडी चित्रपटाच्या पुढे धावली, आणि जमैकाबाहेरच्या असंख्य लोकांनी रेगे पहिल्यांदा ऐकलं ते तिच्यावर. ‘जैत रे जैत’चंही तसंच झालं. गाणी ठाऊक असलेल्या दहा जणांत चित्रपट पाहिलेले एक-दोनच भेटतात.

रेगेच्या मुळाशी जो ढोल आहे त्याची हकिगत तर आपल्या लोकांनी ऐकावीच. किंग्स्टनच्या पूर्वेला वारेका नावाचे डोंगर आहेत. तिथल्या रास्ताफारी पंथाच्या वस्तीत काउंट ऑसी आणि त्याचे साथीदार हातानं वाजवायचे ढोल घेऊन बसत. सभ्य शहर त्यांना हाकलायचं. १९६०च्या सुमारास प्रिन्स बस्टर या निर्मात्यानं त्यांना स्टुडिओत आणलं आणि फोक्स ब्रदर्सच्या ‘ओ कॅरोलिना’मध्ये ते ढोल वाजले. डोंगरावरचा ढोल शहराच्या रेकॉर्डवर आला तो असा. तेच गाणं १९९३ साली शॅगीनं डान्सहॉल या जमैकाच्याच नाचाच्या संगीतशैलीत पुन्हा केलं आणि ते इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेलं.

साम्य दिसतं तसाच फरकही दिसतो, आणि फरक मोठा आहे. काउंट ऑसी स्वतः स्टुडिओत बसला होता. रेगेचं गाणं ज्यांच्याबद्दल होतं त्यांनीच ते लिहिलं, गायलं, आणि मग त्याच्या मालकीवरून कोर्टातही भांडले. ‘जैत रे जैत’ करणारे सगळे बाहेरचे होते. प्रेमानं आलेले, अभ्यास करून आलेले, तरी बाहेरचे. म्हणून या तबकडीवर प्रेम करणाऱ्यावर एक जबाबदारी येते. आतल्यांचं गाणंही शोधून ऐकायचं. ठाकरांच्या जीवनावर ल. ना. चापेकरांनी १९६० साली ‘ठाकुर्स ऑफ द सह्याद्री’ हा इंग्रजी ग्रंथ लिहिला. तो आजही अभ्यासकांना टाळता येत नाही. पण ग्रंथात गाण्याचा आवाज नसतो.

हा मुद्दा मला नुसता तर्कानं पटलेला नाही. कशेळ्याच्या पुढे डोंगराकडेच्या एका वाडीत, भाताची कापणी उरकल्यावरच्या दिवसांत, गावदेवीपुढे ढोल वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांना मी ही गाणी ऐकवली. त्यांच्या नातवाच्या मोबाइलवर गाणी होती, आवाजासाठी लहानसा स्पीकर होता. बाबा पडवीत भिंतीला टेकून बसले होते, पाय पसरून, आणि ऐकताना त्यांच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर चालू होती. डावा हात स्थिर. पहिलं गाणं संपल्यावर त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाले, “ह्यो एक जण नाय वाजवत. चार-पाच जण हायेत. आमच्यात ढोल एक, त्याच्यामागं सगळं गाव.” नातू म्हणाला, “आजा, स्टुडिओत तसंच करतात.” बाबांनी मान हलवली. “करू दे. हात चांगलाय. पण नाचाय कोन हाय?” त्यांना खरंच ते जाणून घ्यायचं होतं. पुढ्यात पावलं नाहीत आणि ढोल वाजतोय, असं त्यांच्या साठ-पासष्ट वर्षांच्या वाजवण्यात कधी घडलं नव्हतं. नाचणारा थकला की ते लय उतरवतात, पोरं अंगात आल्यासारखी नाचू लागली की चढवतात. ढोल वाजवणारा पावलांकडे बघत असतो. कोणत्याही ध्वनिमुद्रणाला ही नजर नसते. मला ते ऐकून तबकडी कमी आवडू लागली नाही. उलट तिच्यातला कोरस इतका महत्त्वाचा का वाटतो ते उमगलं. संगीतकारानं त्या न दिसणाऱ्या पावलांची जागा माणसांच्या आवाजांनी भरली आहे.

इथल्या श्रोत्यांनी मात्र ती पावलं परत आणली. रायगडातल्या हळदीला बेंजो लागतोच. आपण ज्याला बेंजो म्हणतो ते बटणं दाबून तारा छेडायचं वाद्य, त्याला कर्ण्याचा आवाज, शेजारी कॅसिओ, ऑक्टोपॅड, मागे ढोल-ताशा. वेसावकरांची कोळीगीतं, एकवीरेची गाणी यांच्या रांगेत ‘जैत रे जैत’ची गाणीही बेंजोवर गेली आणि त्यांना नवा वेग मिळाला. काही रसिकांना हे पाप वाटतं. मला वाटत नाही. जमैकात १९८५ साली एका छोट्या कॅसिओमधल्या तयार ठेक्यावर ‘स्लेंग टेंग’ हे गाणं उभं राहिलं आणि डान्सहॉलचं सगळं रूप पालटलं. तेव्हा तिथल्या जुन्या वादकांनीही नाकं मुरडली होती. अंगणात नाचलं जाणारं गाणं अंगणात मिळेल त्या वाद्यावरच वाजणार. पुस्तकातला बेंजोवादकाचा लेख मला सगळ्यांत आवडला, कारण त्यात कुठल्या गाण्याला कुठला ठेका लावला आणि का, हे हातचं न राखता सांगितलं आहे. लताबाईंची एक हरकत बेंजोवर निघत नाही, म्हणून त्यानं ती कॅसिओवाल्याला कशी दिली, हा परिच्छेद संगीत शिकणाऱ्यांनी वाचावा.

कर्जत लोकलच्या भजनी मंडळींचा अनुभव वेगळ्या जातीचा. पहाटेच्या गाडीत टाळ-मृदंगावर अभंग म्हणत मुंबई गाठणारी ही माणसं चाली कुठूनही उचलतात. ‘जैत रे जैत’मधल्या एका चालीवर विठ्ठलाचं भजन बसवल्याचं एकानं लिहिलं आहे. यावर मी अधिक काही बोलत नाही, त्यांचं त्यांनीच छान सांगितलंय.

मधमाशांबद्दल मात्र चार ओळी लिहायला हव्यात, कारण श्रोत्यांच्या लेखांत त्या वारंवार येतात आणि काही समज पसरलेले दिसतात. कड्याला लटकतं ते आग्या मोहोळ. उघड्यावर बांधलेलं एकच मोठं पोळं, त्याच्यावर माशांचा जिवंत पडदा. डंख मारतात त्या कामकरी माशा, आणि माणसाला डंख मारल्यावर त्या स्वतः मरतात. राणीमाशी पोळ्यावरच असते, अंडी घालते, लढायला बाहेर येत नाही. नाग्याचा डोळा राणीनं घेतला हे त्याचं मानणं आहे, आणि कथेची सगळी शोकांतिका त्या मानण्यातून उगवते. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांना शेवटची गाणी अधिक लागतात. नाग्या ज्या वैऱ्याच्या मागे धावतो तो त्याचा वैरीच नाही. डोंगरात जाणाऱ्यांनी मोहोळाखाली धूर करू नये, अत्तर लावून जाऊ नये, हे या पुस्तकातल्या गिर्यारोहकांनी लिहिलंच आहे.

शेवटचा भाग लिहायला जड आहे. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ती ठाकरांची वाडी होती, इर्शाळगडाच्या पोटात, रस्ता नसलेली. पावसात, चिखलात, चढ चढून मदत करणारे वर पोचले. यंत्रं वर नेता आली नाहीत, कुदळ-फावडी आणि हात एवढंच होतं. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ता राहिली, आणि चौथ्या दिवशी शोध थांबवला गेला. दोन आठवड्यांनी, ३ ऑगस्टला, महानोर पुण्यात गेले. श्रद्धांजली म्हणून सगळीकडे त्यांची गाणी वाजू लागली, अर्थातच ‘जैत रे जैत’ची आधी. डोंगराखालच्या चौक गावाच्या बाजारपेठेत, चहाच्या टपरीवर, रिक्षात. डोंगरकाठच्या ठाकरवाडीची गाणी, पाऊस खाली उतरण्याचं गाणं. त्या आठवड्यात चौक-मोरबे भागातल्या माणसांना ती ऐकवेनात. पुस्तकातल्या तीन लेखकांनी, एकमेकांना न ओळखता, रेडिओ बंद केल्याचं लिहिलं आहे. एकानं लिहिलं आहे की त्यानं बंद केला नाही, आवाज वाढवला, कारण वाडीचं नाव घेणारं दुसरं काही त्याच्याजवळ नव्हतं.

या लेखांवर संपादकांनी कात्री चालवली नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. गाण्यावरचं प्रेम असंच असतं. ते प्रत्येक वेळी सुखाचं नसतं आणि ज्या जागेवरून गाणं उगवलं तिचं काय झालं याच्याशी ते बांधलेलं असतं. शहरातल्या एखाद्या खोलीत ‘आम्ही ठाकर ठाकर’ लावणाऱ्यानं, दरडीच्या छायेतल्या वाड्यांचं पुनर्वसन कुठवर आलं, वनहक्काचे दावे कुणाचे मंजूर झाले आणि कुणाचे धूळ खात पडले, हे विचारावं. गाण्याची गोडी त्यानं कमी होत नाही.

वाचकांनी हे पुस्तक हाती घेण्यापूर्वी एक संध्याकाळ मोकळी ठेवून सगळी गाणी चित्रपटातल्या क्रमानं ऐकावीत. दोन-चार ओळींची तुकडेवजा गाणी वगळू नयेत. गोष्ट त्यांच्यातच पुढे सरकते. त्यानंतर पुस्तकातला कुठलाही लेख आधी वाचला तरी चालेल.

आणि कर्जत-खालापुरातल्या तरुण वाचकांना, विशेषतः वाड्यांतल्या मुलामुलींना, एक विनंती. तुमच्या मोबाइलमध्ये गौरीच्या नाचाची, लग्नातल्या गाण्यांची ध्वनिमुद्रणं असतील. बहुतेकांत आवाज आहे पण कोण गातंय, कुठली वाडी, कुठला सण, ढोल कुणाचा, यातलं काही लिहिलेलं नाही. ते लिहून ठेवा. गाणाऱ्या आजीला विचारून तिचं नाव घाला, गाणं तिनं कुणाकडून घेतलं तेही घाला. या पुस्तकाचा दुसरा भाग निघालाच, तर तो त्या गाण्यांवर असावा.